फॉरमॅट मारण्याआधी एक मिनिट, बॉस!

"डेटा आहे का काही ह्याच्यात?"

कॉम्प्युटर रिपेअरवाला हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर असतो आणि आपल्या डोक्यात पुढची दहा कामं. आपलं उत्तर ठरलेलं. "नाही हो, विशेष काही नाही." तो मान डोलावतो, फॉरमॅट मारतो आणि संध्याकाळी मशीन चकाचक होऊन घरी येतं. कोरा डेस्कटॉप, नवा वॉलपेपर, सुसाट स्पीड. सगळे खूश. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतल्या खोलीतून हाक येते, "अरे, ते ताईच्या लग्नाचे फोटो कुठे गेले?"

मंडळी, आपण आयुष्यात बोलतो त्या वाक्यांपैकी सगळ्यात महागड्या वाक्यांची यादी काढली, तर "विशेष काही नाही" हे पहिल्या तिनात नक्की येईल.

आता हा विषय आजच का? कारण सध्या घराघरात हेच चाललंय. २९ जुलै २०१५ ला बाजारात आलेल्या विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. त्या दिवशी कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत, चालूच राहिले. फक्त दर महिन्याला फुकट मिळणारी सिक्युरिटीची ठिगळं थांबली. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव मुदतीची योजना जाहीर केली, पण मुदतवाढ ती मुदतवाढच. विंडोज ११ वर जाणं काही टळत नाही. तसं यात नवीन काहीच नाही म्हणा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला गेला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. दर पाच-सहा वर्षांनी ही वरात दारात येतेच.

आणि वरातीची सरबराई करायची कोणी? अर्थात आपणच! आठवडाभर हिंजवडीत नाहीतर बीकेसीत कितीही मोठी प्रेझेंटेशनं ठोका, घरी आपलं पद एकच : मानद आयटी विभागप्रमुख. "शनिवारी येतोयस ना? मग जरा ते कॉम्प्युटरचं बघ." झालं. हा कॉलम त्या शनिवारसाठी.

अपग्रेड वेगळा, फॉरमॅट वेगळा

पहिला घोळ शब्दांचाच आहे. आपण सगळ्यालाच "अपग्रेड" म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत.

एक म्हणजे आहे त्या विंडोजवर नवं विंडोज चढवणं. यात फाइल्स जागच्या जागी राहतात, प्रोग्रॅमही राहतात. इन्स्टॉल करताना तो विचारतो : पर्सनल फाइल्स आणि ॲप्स दोन्ही ठेवू, फक्त फाइल्स ठेवू, की काहीच नको? इथे घाईत तिसऱ्या पर्यायावर क्लिक झालं की विषय संपला. पहिल्या प्रकारात जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवलं जातं आणि नवं आवडलं नाही तर १० दिवसांच्या आत मागे फिरता येतं. दहा म्हणजे दहाच. गणपती गेल्यावर बघू म्हणालात तर बाप्पासोबत त्याचंही विसर्जन झालेलं असतं.

दुसरा प्रकार म्हणजे क्लीन इन्स्टॉल. आपल्या भाषेत फॉरमॅट मारणं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, जुनं पार्टिशन उडवायचं आणि कोऱ्या जागेवर नवं विंडोज टाकायचं. रिपेअरवाल्यांना हाच प्रकार प्रिय, कारण तो झटपट होतो आणि नंतर कस्टमरची "स्लो चालतंय" अशी तक्रार येत नाही. त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. त्यांना मशीन दुरुस्त करायचंय. आतलं सामान सांभाळायची जबाबदारी आपली.

म्हणून दुकानात जाताना पहिला प्रश्न आपण विचारायचा : "वरून चढवणार, का फॉरमॅट मारणार?" आणि उत्तर काहीही येवो, बॅकअप घ्यायचाच. कारण वरून चढवतानाही मध्येच लाइट जाऊ शकते, जुनी हार्ड डिस्क त्याच दिवशी मान टाकू शकते. अपग्रेडच्या वेळी डिस्कला जेवढं राबावं लागतं, तेवढं एरवी महिनोन्‌महिने राबावं लागत नाही.

'डी' ड्राइव्ह नावाची अंधश्रद्धा

आपल्याकडे असेंबल्ड पीसीची एक परंपरा आहे. दुकानदार एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करून देतो आणि जाताना कानमंत्र देतो : "सर, महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवा. सी गेला तरी डी सेफ." आपण हे इतकं मनावर घेतलंय की अर्ध्या महाराष्ट्रात 'बॅकअप' याचा अर्थच 'डी मध्ये कॉपी' असा आहे.

बॉस, सी आणि डी हे एकाच घरातले दोन कप्पे आहेत. चोर किल्ली फोडून घरात शिरला, तर तो दोन्ही कप्पे उघडणार. हार्ड डिस्क जळाली की सी-डी-ई सगळे एकाच चितेवर.

विंडोज ११ च्या बाबतीत तर आणखी एक गोम आहे. त्याला यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागतं. आपल्याकडची बरीच असेंबल्ड मशीन्स आणि डॉसवर विकले गेलेले लॅपटॉप दुकानदारानं जुन्या पद्धतीनं, म्हणजे एमबीआर नावाच्या मांडणीवर, विंडोज टाकून दिलेले असतात. नव्या विंडोजला जीपीटी नावाची मांडणी हवी असते. आता एमबीआरचं जीपीटी करायचे दोन रस्ते. एक, विंडोजमध्येच असलेलं 'एमबीआर-टू-जीपीटी' नावाचं टूल, जे डेटा न उडवता हे काम करतं. दुसरा, इन्स्टॉलच्या वेळी डिस्कवरची सगळी पार्टिशनं उडवून कोरी पाटी करायची. घाईच्या दुकानात दुसराच रस्ता धरला जातो. आणि "सगळी पार्टिशनं" यात तुमचा लाडका डी ड्राइव्हही आलाच!

अपग्रेडमध्ये डेटा जाणं ही काही फक्त गल्लीतल्या दुकानाची मक्तेदारी नाही बरं का. खुद्द मायक्रोसॉफ्टनं २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं एक मोठं अपडेट सोडलं आणि काही दिवसांतच थांबवलं, कारण काही लोकांच्या फाइल्सच गायब झाल्या होत्या. कोणाच्या? ज्यांनी डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारखी फोल्डर्स दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती, पण काही फाइल्स जुन्या जागी तशाच राहिल्या होत्या. अपडेटला वाटलं, जुनं फोल्डर रिकामंच आहे, टाका उडवून. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अशा तक्रारींचं प्रमाण एका टक्क्याचा शंभरावा भाग इतकंच होतं. दुरुस्त केलेलं अपडेट १३ नोव्हेंबरला पुन्हा आलं. पण ज्यांचं गेलं त्यांचं शंभर टक्के गेलं. टक्केवारी ही नेहमी दुसऱ्याची असते.

आणि हो, "गेलं तर रिकव्हरी सॉफ्टवेअर आहे की" या भरवशावरही राहू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट झालेली फाइल काही काळ तग धरून असायची. एसएसडीत 'ट्रिम' नावाची सोय असते. डिलीट झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते. स्पीडसाठी ते फार चांगलं, पण मागाहून शोधाशोध करणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा काहीच लागत नाही.

सरांच्या ओव्या

माझ्या एका मित्राचे बाबा साताऱ्याकडे हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. आता रिटायर्ड. २००८ च्या मे महिन्यात त्यांनी स्वतःच्या आईला, म्हणजे मित्राच्या आजीला, समोर बसवून जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या. मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं आणि मग एक-एक ओवी ऐकून कॉम्प्युटरवर टाइप केली. त्या काळी डीटीपीवाले वापरायचे तसल्या एका मराठी फाँटमध्ये. आजी पुढच्याच वर्षी गेल्या.

फाइल्स मात्र एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर प्रवास करत राहिल्या. शेवटी त्या २०१८ मध्ये घेतलेल्या असेंबल्ड पीसीवर येऊन थांबल्या. विंडोज ११ टाकायची वेळ आली तेव्हा सरांनी नीट काळजी घेतली होती. टाइप केलेल्या फाइल्सचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. ऑडिओ फाइल्स डी ड्राइव्हमध्ये होत्या, त्या सेफच आहेत असं गृहीत धरलं. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. दुकानात जीपीटीसाठी अख्खी डिस्क कोरी केली गेली.

घरी आल्यावर सरांनी पेनड्राइव्ह लावला. फाइल उघडली. ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर... नुसती खिचडी.

याचं कारण समजून घ्या, कारण आपल्याकडच्या हजारो घरांत हा टाइमबॉम्ब आहे. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. फाँट हा त्यांच्यावर चढवलेला मुखवटा. मुखवटा काढला की आतली खिचडी दिसते. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा नंबर आहे. 'क' चा नंबर ०९१५, मग फोन असो की लॅपटॉप, मुंबई असो की म्युनिक. आणि फाँट राहतात कुठे? सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या आत, 'फाँट्स' नावाच्या फोल्डरमध्ये. डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेणारा माणूस तिथे कधीच जात नाही. सरही गेले नव्हते.

मित्र सुट्टी टाकून गावी गेला. गावातल्या एका जुन्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपी ऑपरेटरकडे तोच फाँट मिळाला. मग कन्व्हर्टरनं सगळं युनिकोडमध्ये आणलं. जोडाक्षरं आणि रफार जिथे तिथे बिघडले होते, ते सरांनी चष्मा लावून दोन आठवडे बसून दुरुस्त केले. ओव्या परत आल्या.

रेकॉर्डिंग नाही आलं. सर मित्राला म्हणाले, "अरे, शब्द काय, मला पाठच होते." त्यानं विषय बदलला.

काय उचलायचं?

म्हणून "डेटा आहे का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं असं : "यात असं काय आहे, जे पुन्हा मिळणार नाही?" सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअर हे सगळं परत डाउनलोड होतं. आजीचा आवाज होत नाही. या चाळणीतून पाहिलं की यादी आपोआप छोटी होते. तरी काही जागा हमखास विसरल्या जातात, त्या अशा :

• तुमच्या नावाचं अख्खं फोल्डर. सी ड्राइव्हमध्ये 'युझर्स'च्या आत आपल्या नावाचं फोल्डर असतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स सगळं त्यातच. निवडत बसू नका, अख्खं उचला. घरात दोघा-तिघांची लॉगिन्स असतील तर प्रत्येकाचं वेगळं. डाउनलोड्सला कचरापेटी समजू नका, फॉर्म १६ आणि एलआयसीच्या पावत्या तिथेच मुक्कामाला असतात.

• ईमेल. बाबा अजून आउटलुकमध्ये मेल उतरवून घेत असतील तर पीएसटी एक्स्टेन्शनची फाइल शोधा. वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्या एका फाइलमध्ये असतो. थंडरबर्ड असेल तर त्याचं प्रोफाइल 'ॲपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतं.

• टॅली. घरात कोणी सोसायटीचे हिशेब बघत असेल तर हे सगळ्यात आधी. टॅलीत बॅकअपचा स्वतःचा पर्याय आहे, तो वापरा. शिवाय डेटा फोल्डर वेगळं कॉपी करा. सोसायटीचा हिशेब गेला तर एजीएममध्ये जे होईल त्याला कुठलंच अँटीव्हायरस नाही.

• ब्राउजर. बुकमार्क्स एक्स्पोर्ट करा किंवा सिंक चालू असल्याची खात्री करा. सेव्ह केलेले पासवर्ड नुसतं फोल्डर कॉपी करून येत नाहीत, कारण ते त्या विंडोज लॉगिनला बांधलेले असतात. ते वेगळे एक्स्पोर्ट करावे लागतात. आणि ती फाइल काम झालं की लगेच डिलीट करा, कारण त्यात सगळे पासवर्ड उघडेनागडे असतात.

• फाँट. जुन्या मराठी फाइल्स असतील तर 'फाँट्स' फोल्डरमधले ते फाँट वेगळे काढून ठेवा. शिवाय प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये सहसा फाँट आत गुंडाळूनच जातो, त्यामुळे निदान वाचता तरी येतं. आणि जुनं मशीन चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. समोर मूळ दिसत असताना चुका शोधणं सोपं जातं.

• जुनी सॉफ्टवेअर्स. लायसन्सचे नंबर लिहून घ्या, डोंगल असेल तर तो कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते बघा. विंडोज ११ फक्त ६४-बिट येतं आणि त्यावर १६-बिटचे अतिजुने प्रोग्रॅम चालतच नाहीत. बाबांचं लाडकं सॉफ्टवेअर त्या जमान्यातलं असेल तर आधीच कळलेलं बरं.

• बिटलॉकरची किल्ली. तुमच्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्टेड आहे का, ते सेटिंग्जमध्ये पाहा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागू शकते. बहुतेक वेळा ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. ती कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपमध्ये नोटपॅडवर सेव्ह करणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार लावणं!

आणि ऑफिसचा लॅपटॉप? तिथे कंपनीचा डेटा घरच्या डिस्कवर घेण्याच्या भानगडीत पडू नका, पॉलिसीत अडकाल. पण आपले स्वतःचे फोटो, मार्कशीट्स, भाडेकरार तिथे पडले असतील तर ते आजच बाहेर काढा. अपग्रेड आयटीवाले रात्रीत रिमोटनं ढकलतात. आणि रिलीव्हिंगच्या दिवशी लॅपटॉप जमा करताना कोणी तुम्हाला निवांत अर्धा तास देत नाही.

शनिवार संध्याकाळचा प्लॅन

एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. लॅमिंग्टन रोडवर जा, नाहीतर ऑनलाइन मागवा, पण बिल आणि वॉरंटीसकट. पेनड्राइव्ह हे सामान वाहून न्यायचं साधन आहे, जपून ठेवायचं नाही. तरीही पेनड्राइव्हच वापरणार असाल तर तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला नाही ना, ते बघा. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि लग्नाचे व्हिडिओ त्याहून मोठे असतातच. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालायला हवं असेल तर एक्सफॅट घ्या.

किती वेळ लागेल? साधा हिशेब करू. समजा २०० जीबी डेटा आहे. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे जवळपास दोन तास. यूएसबी ३ च्या पोर्टला (आत बहुतेक निळी पट्टी असते) लावलंत आणि सेकंदाला १०० एमबी मिळाले तर तेच काम सुमारे अर्ध्या-पाऊण तासात. छोट्या छोट्या हजारो फाइल्स असतील तर आणखी वेळ धरा. म्हणजे काय, तर कॉपी लावा आणि मिसळ खाऊन या. डेस्कटॉप असेल तर यूपीएस चालू आहे ना बघा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा.

कॉपी झाली की जुन्या आणि नव्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइल्सची संख्या जुळली पाहिजे. पाच-सहा फाइल्स उघडून पाहा : एक फोटो, एक व्हिडिओ, एक एक्सेल, एक मराठी फाइल. जमलं तर हे दुसऱ्याच लॅपटॉपवर करा, मग फाँटचा पोपट तिथेच कळतो. नंतर डिस्क नीट इजेक्ट करा, केबल काढा आणि कपाटात ठेवा. हे फार महत्त्वाचं. बॅकअपची डिस्क मशीनला लावलेली असताना अपग्रेड करू नका. कुठलं पार्टिशन उडवायचं ते निवडताना चुकीच्या डिस्कवर क्लिक झालं, तर मूळ आणि कॉपी दोन्ही एकाच दमात गेले.

मॅकवाल्यांचं काम त्या मानानं सोपं. ॲपलनं ऑक्टोबर २००७ मध्ये 'लेपर्ड'सोबत टाइम मशीन आणलं, ते आजही आहे. एक रिकामी डिस्क लावा, टाइम मशीनला सांगा, पहिला बॅकअप पूर्ण होईपर्यंत थांबा आणि मगच अपग्रेडचं बटण दाबा. 'पूर्ण होईपर्यंत' या शब्दांखाली रेघ मारा.

"पण माझं तर सगळं क्लाउडवर आहे!"

असेलही. पण आधी बघा, खरंच सगळं आहे का. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबी, गूगलची १५ जीबी, तीही मेल आणि फोटोंसकट. जागा भरली की सिंक गुपचूप थांबतं आणि कोपऱ्यातल्या त्या छोट्याशा चिन्हाकडे आपण वर्षभर बघतच नाही.

दुसरं म्हणजे सिंक आणि बॅकअप ही सख्खी भावंडं नाहीत. सिंकचं काम दोन्ही बाजू सारख्या ठेवणं. इकडे चुकून फोल्डर उडवलंत की तो आज्ञाधारकपणे तिकडूनही उडवतो. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं, पण ३१ व्या दिवशी आठवलं तर काय? आणि वेगाचा हिशेबही बघा. अपलोड स्पीड २० एमबीपीएस असेल तर तेच २०० जीबी वर चढवायला २२ तास लागतात. शनिवारची संध्याकाळ त्यात मावत नाही.

म्हणून फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा फंडा लक्षात ठेवा. महत्त्वाच्या गोष्टीच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. मूळ मशीन, कपाटातली डिस्क आणि क्लाउड. झालं की! क्लाउड नको असेल तर दुसरी डिस्क ताईच्या घरी ठेवा. दिवाळी-भाऊबीजेला जाता-येता अपडेट होत राहते.

आणि घेतलेला बॅकअप उघडून बघणं किती गरजेचं आहे, याचा पुरावा थेट हॉलिवूडमधून. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' चं काम चालू होतं. कोणीतरी भलत्याच जागी डिलीटची कमांड चालवली आणि सुमारे ९० टक्के सिनेमा सिस्टिमवरून उडाला. बॅकअप होता की! पण तपासल्यावर कळलं, की तो जवळजवळ महिनाभर नीट चालतच नव्हता आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. वाचवलं कोणी? गेलिन सुसमन या टेक्निकल डायरेक्टरनं. नुकतंच बाळ झाल्यामुळे ती घरून काम करत होती आणि तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीत घालून, अंडी नेल्यासारखा जपून ऑफिसात आणला गेला. एवढी मोठी कंपनी, आणि कामाला आली ती 'घराबाहेरची एक प्रत'. इथे ती कोणाच्या तरी घरात होती, एवढाच फरक.

तेव्हा मंडळी, येत्या शनिवारी घरी गेलात की लगेच मशीनला हात लावू नका. आधी आई-बाबांना शेजारी बसवा आणि फोल्डर एकेक करून उघडा. "हे काय आहे? हे हवंय का?" विचारत चला. वेळ लागेल. मध्येच २००५ च्या सहलीचे फोटो निघतील आणि अर्धा तास त्यातच जाईल. जाऊ दे. कुठली फाइल कोणाच्या जिवाची आहे ते फाइलच्या नावावरून कळत नाही, विचारावंच लागतं.

मग कॉपी करा, उघडून तपासा, केबल काढा. डिस्कवर मार्करनं तारीख लिहा. अपग्रेडनंतर निदान महिनाभर ती डिस्क पुसू नका, कारण काय राहिलं ते वापरायला लागल्यावरच आठवतं. एवढं झालं, की मग मारा बिनधास्त फॉरमॅट.